रेशीमभाऊंच्या हातचे अडेनियम

मी एक जुने अडेनियमचे झाड आहे. काही जण मला वाळवंटातला गुलाब म्हणतात. पण मित्रांनो, खरे सांगायचे तर गुलाबाशी माझे दूरचेही नाते नाही आणि वाळवंट मी या जन्मात पाहिलेले नाही. माझे आयुष्य आधी केस कापण्याच्या एका दुकानाच्या खिडकीत आणि मग एका घराच्या गॅलरीत गेले. माझा बुंधा पोट सुटलेल्या माणसासारखा फुगलेला आहे. लहान मुले मला पाहून हसतात. हसू द्या. त्या पोटात मी पाणी साठवून ठेवते आणि कोरडे दिवस आले की तेच मला तारून नेते.

माझे बी एका गिऱ्हाइकाने आणले. घरे रंगवणारे एक काका होते. कुणाच्या तरी गच्चीवर काम करताना त्यांना शिंगासारखी एक वाळकी शेंग सापडली. ती त्यांनी खिशात टाकली आणि दाढीला आले तेव्हा दुकानाच्या मालकांच्या हातावर ठेवली. शेंगेत काडीसारख्या बारीक बिया होत्या आणि प्रत्येक बीच्या दोन्ही टोकांना रेशमी झुबके होते. मालकांनी शेंग उकलली मात्र, पंख्याच्या वाऱ्याने त्या बिया दुकानभर उधळल्या. एक जाऊन खुर्चीत बसलेल्या माणसाच्या साबण लावलेल्या गालावर चिकटली. ती मी. त्या गालावरून मला चिमटीने उचलले, पाण्यात धुतले आणि क्रीमच्या रिकाम्या डबीला तळाशी भोके पाडून तिच्यात पेरले. माझ्या जन्माची कहाणी ही अशी.

मालकांना सगळे रेशीमभाऊ म्हणत. त्यांचा हातच तसा हलका होता. खुर्चीत डुलकी लागलेल्या माणसाची पूर्ण दाढी होऊन जाई आणि त्याला पत्ता लागत नसे. त्या हाताने त्यांनी मला वाढवले. जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडे शेणखत अशी भुसभुशीत माती त्यांनी माझ्यासाठी कालवली. डबीतून मग मी कुंडीत आले. कुंडी बदलताना दर वेळी ते मला आधीपेक्षा जरा वर उचलून बसवत. त्यामुळे माझी जाड मुळे उघडी पडत आणि मी पाय दुमडून बसलेल्या म्हाताऱ्यासारखे दिसू लागे.

मी हातभर उंच झाले तेव्हाची गोष्ट. तोवर मी काठीसारखे सरळ वाढले होते आणि डोक्यावर पानांचा तुरा घेऊन ऐटीत उभे होते. थंडी सरून ऊन तापू लागले होते. दुकान रिकामे असताना रेशीमभाऊंनी कात्री स्पिरिटने पुसली आणि माझा शेंडा कापून टाकला. जखमेतून पांढरा चीक ओघळला. मला वाटले, संपले सारे. तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्या. माझी दशा पाहून त्यांना वाईट वाटले. बिचाऱ्याला वाढू तरी द्यायचे होते, असे त्या म्हणाल्या. रेशीमभाऊंनी आधी साबणाने हात स्वच्छ धुतले, कारण आमचा चीक विषारी असतो आणि तो हात डोळ्याला लागला तर भलतेच व्हायचे. मग ते हसून म्हणाले, की केस कापले की डोके हलके होते, पण झाड कापले की ते भरते.

तसेच झाले. थोड्या दिवसांनी कापलेल्या जागेखाली लालसर डोळे फुटले. एका फांदीच्या तीन फांद्या झाल्या. आमची फुले नव्या फांद्यांच्या टोकांना येतात, म्हणजे जितक्या फांद्या तितके गुच्छ. उन्हाळा चढला तसे मी गुलाबी फुलांनी असे लगडले, की रस्त्याने जाणारे लोक काचेपाशी थांबू लागले. तेव्हापासून दर वर्षी ऊन तापू लागले की माझी काटछाट होई आणि दर वर्षी मी जास्त डेरेदार होई. कोणी विचारी, "खत कुठलं घालता हो?" रेशीमभाऊ हातातले काम न थांबवता सांगत, "भरपूर ऊन आणि थोडं दुर्लक्ष."

ते कौतुकाचे दिवस होते, मित्रांनो. मला वाटे, ते असेच चालत राहतील.

एका सकाळी रंगारी काका खुर्चीत बसले होते. त्यांचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. मी पाहिले, की रेशीमभाऊंचा उजवा हात हवेत थांबला. त्यांनी डाव्या हाताने त्या हातातला वस्तरा काढून घेतला, जपून मिटला आणि फळीवर ठेवला. मगच ते भिंतीला धरून खाली बसले. त्यांचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. रंगारी काका गळ्यातल्या टॉवेलसकट बाहेर धावले. त्यांनी रिक्षा थांबवली आणि गालावरचा साबण तसाच घेऊन ते त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. दुकानाचे शटर कोणीतरी खाली ओढले.

शटरच्या जाळीतून थोडे ऊन येई. पाणी मात्र नव्हते. माझी पाने गळली, पोट सुरकुतले. पण मी मेले नाही. आम्ही सहजासहजी मरत नाही. पुढे एके दिवशी शटर वर गेले आणि रेशीमभाऊंची लेक आत आली. ती मोटार चालवायला शिकवते. तिने आरशावरची धूळ पाहिली, रिकाम्या खुर्चीवरून हात फिरवला आणि मला उचलून गाडीत शेजारच्या सीटवर ठेवले. पट्टाही लावला.

असे मी त्यांच्या घराच्या गॅलरीत आले. माझ्या शेजारीच वेताची खुर्ची होती आणि तिच्यात रेशीमभाऊ बसत. झटका येऊन गेला होता, जीव वाचला होता, पण उजवा हात मांडीवर पडून असे. शब्द तोंडात घोळून बाहेर येत. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो ते हातातून गळू देत आणि उचलत नसत.

वहिनींनी मात्र कंबर कसली होती. त्या त्यांना घास भरवत, सदऱ्याची बटणे लावत, पाण्याचा पेला ओठांशी धरत. त्यांनी हात पुढे करायच्या आत वस्तू त्यांच्यासमोर हजर होई. आणि रोज सकाळी, त्याच मायेने, त्या मला तांब्याभर पाणी घालत. दुकानात मी तहानलेले राहिले याचे त्यांना फार वाईट वाटले होते. सुरुवातीला मी आनंदाने प्यायले. पोट पुन्हा भरले, पाने आली. मग थंडी आली. थंडीत आम्ही झोपतो, मित्रांनो. पाने गाळतो आणि पाणी मागत नाही. वहिनींना वाटले, झाड सुकते आहे. त्यांनी सकाळसोबत संध्याकाळीही पाणी सुरू केले.

थंडी ओसरली तरी मी नीट जागे झाले नाही; एका फांदीच्या टोकाला एकच कळी तेवढी आली. माझ्या पायाशी काहीतरी कुजू लागले होते. ती वेदना मला सांगता येत नव्हती. एका रविवारी लेक गॅलरीत कपडे वाळत घालत होती. सहज म्हणून तिने माझा बुंधा दाबला आणि तिचे बोट आत गेले. जास्त पिकलेल्या फळासारखे मी मऊ झाले होते.

"आई, हे कुजलंय गं," ती म्हणाली.

वहिनी आतून आल्या. "असं कसं होईल? एक दिवस चुकवलेला नाही मी पाण्याचा." त्यांनी कुंडीतली माती चाचपून पाहिली. "आता तेवढं एकच तर राहिलं होतं दुकानातलं."

रेशीमभाऊ आमच्याकडे पाहत होते. कित्येक दिवसांत त्यांनी कशातच मन घातले नव्हते. ते म्हणाले, "काढ त्याला. कुंडीतून काढ."

लेकीने हातमोजे चढवले, मला उपटून कागदावर आडवे ठेवले आणि मुळांवरची चिखल झालेली माती झटकली. अर्धी मुळे काळी पडली होती. रेशीमभाऊ एकेक शब्द जुळवत सांगत गेले आणि ती चाकूने कुजका भाग कापत गेली. प्रत्येक कापानंतर चाकू स्पिरिटने पुसायचा, आतला गर स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत थांबायचे नाही. तो पांढरा भाग दिसला तेव्हा माझे पोट पहिल्याहून निम्मे उरले होते.

"आता वरचं," रेशीमभाऊ म्हणाले. "मुळं कमी झाली. एवढा भार पेलणार नाही त्याला."

लेकीने चाकू खाली ठेवला. आत जाऊन तिने दुकानातली कात्री आणली आणि वडिलांच्या उजव्या हातात ठेवली. वहिनी गोंधळल्या. अहो, तुम्ही नुसते दाखवा, मी कापते, असे म्हणत त्या पुढे झाल्या. लेक रोज नवशिक्यांच्या शेजारी बसून गाडी शिकवणारी. कोणी चुकीचा गिअर टाकला तरी घाईने हात घालायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेले होते. तिने आईला ओढून आपल्या शेजारी स्टुलावर बसवले.

"आई, हात मांडीवर ठेव," ती हळूच म्हणाली. "अगदी घट्ट."

बोटे कात्रीच्या कड्यांत जाईनात. रेशीमभाऊंनी डाव्या हाताने एकेक बोट धरून आत सारले. कात्री माझ्या फांदीवर आली, घसरली, पुन्हा आली. ज्या हाताचे नाव घेऊन लोक लांबून येत, तो हात वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरत होता. त्यांनी सगळे बळ लावले आणि फांदी तुटली. पण ती भलत्याच जागी तुटली होती. मला आलेली एकुलती एक कळी तिच्याबरोबर खाली पडली.

रेशीमभाऊंनी कात्री मांडीवर टाकली आणि तोंड फिरवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. वहिनींचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. त्यांची बोटे पांढरी पडली होती.

"बाबा," लेक म्हणाली, "चढावर गाडी बंद पडली तर माझ्याकडे शिकणारी माणसं रडकुंडीला येतात. मी एवढंच सांगते, की ब्रेक दाबा आणि परत चालू करा. मागचे वाजवू देत हॉर्न."

बराच वेळ गेला. मग त्यांनी पुन्हा कात्री उचलली.

त्या दुपारी माझी काटछाट पूर्ण झाली. एक फांदी लांब राहिली, एक अगदी बुडाशी गेली, काही काप तिरपे झाले. पूर्वी असे काम कोणी केले असते तर त्याला त्यांनी दुकानात झाडायलाही ठेवले नसते. पण झाडाला शेवटी आरसा दाखवावा लागत नाही. लेकीने जखमांना दालचिनीची पूड लावली, वडिलांचे हात धुतले आणि मला सावलीत कोरडे व्हायला ठेवले. जखम सुकेपर्यंत माती नाही, आणि मातीत बसवल्यावरही काही दिवस पाणी नाही, असे ठरले.

हे पथ्य माझ्यापेक्षा वहिनींना जड गेले. सकाळी त्या सवयीने तांब्या घेऊन येत, मला पाहून थबकत आणि परत फिरत. एकदा त्या तांब्या हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"मग मी करू तरी काय?" त्या म्हणाल्या. त्या हे मला म्हणाल्या की नवऱ्याला, ते मला कळले नाही.

रेशीमभाऊ म्हणाले, "बस जरा."

वहिनी कठड्याला टेकून खाली बसल्या. त्यांनी स्वतःच तांब्यातले पाणी प्यायले. किती थकल्या होत्या त्या, हे मला तेव्हा दिसले. रेशीमभाऊंनाही दिसले असावे. कारण त्या दिवशी त्यांनी चमचा वहिनींच्या हातातून मागून घेतला. अर्धे जेवण सदऱ्यावर सांडले, पण ते स्वतः जेवले. मग रबरी चेंडू हातात आला. मग जुने वर्तमानपत्र आणि कात्री. कागदाच्या वेड्यावाकड्या पट्ट्यांनी गॅलरी भरून जाई आणि वहिनी कुरकुरत झाडून काढत. ती कुरकुर ऐकायला गोड वाटे.

माझ्यावर डोळे फुटले तेव्हा आधी रेशीमभाऊंनाच दिसले. जिथे कापायला नको होते नेमके तिथून, बुडाजवळून, दोन जोमदार फांद्या निघाल्या. त्यामुळे आज मी एका अंगाला कललेले, वेडेवाकडे झाड आहे. उन्हाळा भरात आला तेव्हा त्या कललेल्या अंगालाच फुले आली.

मित्रांनो, सगळे पहिल्यासारखे झाले, असे मी सांगणार नाही. रेशीमभाऊंनी पुन्हा वस्तरा धरला नाही. हात दुसऱ्याच्या गळ्याजवळ न्यायला खात्री लागते, ती आता माझ्याकडे नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले आणि दुकान दुसऱ्याला चालवायला दिले. त्या दिवशी त्यांनी रबरी चेंडूला हात लावला नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आपले अडेनियम घेऊन आल्या, कारण ते ताडमाड वाढले होते आणि फुलत नव्हते. रेशीमभाऊंनी ते सावकाश कापून दिले. आता ऊन तापू लागले की आमच्या गॅलरीत कुंड्यांची रांग लागते.

आणि वहिनी मागच्या महिन्यात आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या, चांगल्या आठवडाभरासाठी. निघताना दारात उभ्या राहून त्यांनी औषधांच्या वेळा पुन्हा पुन्हा सांगितल्या. समोर रेशीमभाऊ सदऱ्याची बटणे लावत होते. वरचे बटण खालच्या काजात गेले होते. वहिनींचा हात उचलला गेला. मग त्यांनी त्याच हाताने खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि त्या निघाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्या जातीचे कोणी असेल तर त्याला ऊन द्या. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून पाहा, ओल लागली तर परत फिरा. वर्षातून एकदा, ऊन तापू लागताच, न घाबरता कात्री चालवा आणि नंतर हात धुवा. आणि घरात कोणाचा हात थरथरत असेल, तर त्या हातातली कात्री काढून घेण्याआधी थोडे थांबा. एखादी फांदी चुकीची तुटेल. तुटू द्या. ती पुन्हा कशी फुटवायची, ते आमच्यावर सोपवा.