निर्व्यसनी

“काय घेतलं होतं यांनी? नशेचं काही?” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

आमचे हे आत खाटेवर, छातीला वायरी डकवलेल्या, ओठ काळेनिळे. त्यांना उचलून आणणारा त्यांच्या कामावरचा दोस्त जाड्या दातखीळ बसल्यासारखा उभा. तोंड उघडलं ते सासूबाईंनी.

“भलतंच काय विचारता? माझा मुलगा निर्व्यसनी आहे. दारूच्या थेंबाला शिवला नाही कधी!”

ते खरंच होतं. दारू नव्हतीच मुळी.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दरवाजा नीट लागला नसताना कुणी लिफ्ट चालवून बघितली, तर त्याची सालटी काढायचे. “माणसं मारायचीत का रे?” आणि स्वतःचं काय? हृदयाची भिंत जाड झालीय, जपून राहा, नशापाणी तर अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी हे सुटीच्या दुपारी जाड्याच्या खोलीवर जाऊन ती पांढरी पूड नाकानं ओढायचे. मला कळलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. नशीब, सासूबाई बाहेर गेल्या होत्या.

“ओरडतेस काय! मी कधी झिंगत घरी आलोय? जीव जरा हलका होतो, एवढंच.”

“अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?”

“घेतो की काळजी. त्या दिवशी हृदयाची गोळी बंद ठेवतो. एकावर एक नको.”

काय बोलायचं सांगा अशा माणसापुढे! ज्या गोळीनं ठोके ताब्यात राहायचे, तीच नेमकी त्या दिवशी बंद. वर शहाणपणा केल्याचा आव. मी रडले, भांडले, शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. म्हणाले, “आईला मात्र कळू देऊ नकोस. तिचा फार भरवसा आहे माझ्यावर.”

आणि आज जेवून उठल्यावर “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणून गेले ते असे आले.

“हे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मी दोष द्यायला विचारत नाहीये. त्यावर औषध ठरतं. चुकीचं दिलं तर जीवावर बेतेल.”

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. गप्प राहा, असंच सांगत होता तो हात.

“घेतात,” मी म्हणाले. “कोकेन. आजही घेतलं असणार. आणि हृदयाची गोळी घेतली नसणार.”

जाड्यानं मान डोलावली. डॉक्टरीणबाई आत धावल्या. सासूबाईंनी माझा हात सोडला.

पुष्कळ प्रयत्न केले त्यांनी. पण हृदय काही ताळ्यावर आलं नाही. दिवेलागणीला हे गेले.

त्यानंतर सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट पुढे ठेवलं तर तोंड फिरवायच्या. मला राग यायचा, आणि त्यांची कीवही यायची. माझा नवरा गेला होता. त्यांचा मुलगाही गेला होता आणि त्याच्याबद्दलचा अभिमानही.

मग कामावरची माणसं भेटायला आली. जाड्या सगळ्यांच्या मागे, दाराशी बसला.

“कशानं हो असं अचानक?” कुणीतरी विचारलं.

मी खाली बघितलं. आता सासूबाई हार्टचं दुखणं म्हणतील आणि मीही हो म्हणेन, असं ठरवूनच बसले होते.

“पुडीनं गेला,” सासूबाई म्हणाल्या. “हृदय आजारी होतं आणि त्यावर नशा करत होता. माझा मुलगा.”

माझ्या नणंदेनं “आई!” म्हणून दटावलं, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि जाड्यापाशी जाऊन खाली बसल्या.

“तूही घेतोस ना रे?”

जाड्या हो म्हणाला की नाही, कळलं नाही. तो ओक्साबोक्शी रडायलाच लागला.

“आई आहे ना तुझी? आज घरी जाऊन तिला सांग. आणि डॉक्टरला छाती दाखव. काही लपवू नकोस.”

त्याच्या पाठीवर हात ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“अगं,” त्या म्हणाल्या, “याला पाणी दे.”