सात नंबरच्या विमानाचा आरसा

साहेब गेल्याची बातमी लागली तेव्हा मी टीव्ही बंद केला. देशातला पहिला अंतराळवीर, त्याआधी हवाई दलाचा टेस्ट पायलट, कुणी न उडवलेली विमानं पहिल्यांदा वर नेणारा वाघ, असं काय काय चाललं होतं. आमची ही म्हणाली, मेलेल्या माणसाशी कसलं आलंय वैर. मी म्हटलं, वैर नाही, संशय आहे. आणि माणूस मेला म्हणून संशय काही मरत नाही.

आठवडाभराने त्यांच्या बाईसाहेबांचा फोन आला. रविवारच्या शोकसभेत मी दोन शब्द बोलावेत आणि त्याआधी एकदा घरी येऊन जावं. अडतीस वर्षांत या घरातून मला साधा निरोप आला नव्हता. माझे कान टवकारले. इतकी माया अचानक कुठून उतू चालली? मला वाटलं, आता साहेबांचं चरित्र निघणार, रस्त्याला नाव देणार, तेव्हा या मिस्त्रीचं तोंड गोड करून बंद करायचं असेल. तरी मी जायचं ठरवलं, कारण मला एक वही हवी होती.

ती वही काय ते सांगतो. टेस्ट पायलट मांडीला पट्ट्याने एक छोटी वही बांधतो आणि उडता उडता पेन्सिलीने जे घडेल ते लिहितो. सात नंबरच्या विमानाची देखभाल माझ्याकडे होती. त्या सकाळी साहेब ते घेऊन वर गेले, उलटं उडवलं, आणि परत येताना विमान धावपट्टी सोडून मातीत घुसलं. एक पंख तुटला, साहेबांचा हात मोडला. त्यांना बाहेर ओढणारा पहिला माणूस मी. वही त्यांच्या मांडीला होती, मी या डोळ्यांनी पाहिली. चौकशीत मात्र साहेबांनी सांगितलं, वही गहाळ झाली. अपघाताचं कारण सापडलं नाही, असा शेरा पडला. पुढच्याच आठवड्यात माझी बदली स्टोअरमध्ये झाली. नटबोल्ट मोजायला. स्टोअरच्या अधिकाऱ्याने मला खाजगीत सांगितलं की खुद्द साहेबांनीच शब्द टाकला होता.

आता तुम्हीच सांगा, यात दुसरा काय अर्थ निघतो? चूक त्यांची, खापर माझ्या डोक्यावर. कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं, पण हँगरमधली पोरंसोरंही मला बघून कुजबुजायची. दोन वर्षांनी साहेब अंतराळात गेले आणि मी स्टोअरमध्येच म्हातारा झालो. माझ्या निवृत्तीच्या दिवशी ते मुद्दाम आले, हात पुढे केला. मी सगळ्यांदेखत दोन्ही हात खिशात घातले. बरं वाटलं होतं मला तेव्हा.

तर मी गेलो. दार त्यांच्या मुलीने, ताईने, उघडलं. ती आता पन्नाशीची, एका शाळेची मुख्याध्यापिका. लहानपणी तिची तीनचाकी मी दुरुस्त करायचो. बैठकीच्या खोलीत खोकीच खोकी. साहेबांचं सामान संग्रहालयाला जायचं होतं आणि चार वाजता त्यांची माणसं येणार होती. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली होती: हातमोजे, घड्याळ, बूट. बाईसाहेब खिडकीशी बसल्या होत्या, पाठ ताठ, डोळे कोरडे. त्यांनी चहाचं विचारलं. मी नको म्हटलं. ज्या घरात भांडायचं त्या घरचा चहा कशाला प्या.

मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, भाषणाचं नंतर बघू, मला अपघाताच्या दिवसाची वही दाखवा, ती या घरातच आहे. मला वाटलं होतं दोघी एकमेकींकडे बघतील, का-कू करतील. तसं काहीच झालं नाही. ताई उठली, कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला.

वही पट्ट्यासकट होती. कडेला माती तशीच. अक्षर वेडंवाकडं, पण साहेबांचंच. विमान उलटं केलं. खालून आरसा सुटून वर आला. सरळ करताना तो स्टिकच्या बुडाशी अडकला. स्टिक हलेना. तीन वेळा लाथ मारली. निघाला, खिशात टाकला, पण स्टिक अजून अडखळते. तसाच उतरतोय.

स्टिक म्हणजे विमान चालवायचा दांडा, आणि आरसा म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, लांब दांड्याचा. सीटच्या मागे, पॅनेलखाली, जिथे मान घालता येत नाही तिथे बघायला आम्ही वापरायचो. मी ताडकन बोललो, "हे खोटं आहे. फळा भरलेला होता."

फळा म्हणजे आमची हत्यारं टांगायची फळी. प्रत्येक हत्याराचा आकार तिच्यावर रंगवलेला. काम संपलं की सगळी हत्यारं आपापल्या जागी जायला हवीत. एक जरी आकार रिकामा दिसला तरी विमान उडत नाही. हत्यार सापडेपर्यंत सीट काढा, पत्रे काढा, चार दिवस जावोत की आठ. त्या सकाळी फळा मी मोजला होता. एकही जागा रिकामी नव्हती. चौकशीत हेच सांगितलं, बायकोला हेच, आणि झोप लागत नसे तेव्हा स्वतःलाही हेच.

ताईने डब्यातलं फडकं उलगडलं. आत आरसा होता, काच तडकलेली. दांड्यावर सात नंबर ठोकलेला, आणि त्याखाली माझी खूण, तीन टिंबं.

त्या टिंबांवरून मी अंगठा फिरवला.

अपघाताच्या दीड महिना आधी माझा आरसा हरवला होता. उड्डाणं आधीच रखडलेली, वरून रोज तगादा. आरसा हरवला म्हणालो असतो तर सगळं विमान उघडावं लागलं असतं. हँगरच्या कडेच्या गटारात पडला असणार, अशी मी माझी समजूत घातली. बाजारातून तसाच आरसा आणला, त्यावर सात नंबर ठोकला आणि फळ्यावर टांगून दिला. फळा भरला. मग मी ते विसरलो. विसरलो कसलं, विसरायचं ठरवलं.

 मी आरसा पुन्हा फडक्यात गुंडाळला. मग विचारलं, साहेबांनी हे चौकशीत का नाही सांगितलं?

बाईसाहेब खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "मीही विचारलं होतं. म्हणाले, सीटखाली बघून सही करायचं काम माझंही होतं, मी न बघता केली. बोललो असतो तर मिस्त्रीची नोकरी गेली असती आणि माझं अंतराळात जाणं. दोघंही वाचलो. पण त्याला पुन्हा विमानाला हात लावू देणं मला जमेना. आणि त्याच्या तोंडावर सांगायचीही हिंमत झाली नाही."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. साहेबांनी स्वतःलाही वाचवलं होतं. फक्त त्यांनी माझ्यावर काही लादलं नव्हतं. जे होतं ते माझंच होतं, आणि ते त्यांनी झाकून ठेवलं होतं. शिव्या मी घातल्या आणि त्यांनी निमूटपणे खाल्ल्या.

तरीही माझा स्वभाव जाईना. मी ताईला विचारलं, हे आत्ता मला दाखवून तुम्हाला काय मिळणार आहे? ती रागावली नाही. म्हणाली, "बाबा सांगून गेले, डबा मिस्त्रीकाकांचा आहे. वही जाळायची की सगळं संग्रहालयाला द्यायचं, ते तेच ठरवतील. बाहेर आलं तर बाबांचंही नाव खराब होईल, तुमचंही. आम्ही दोघी काही बोलणार नाही."

आगपेटी स्वयंपाकघरात होती. खोटं कशाला सांगू, मी दोनदा तिकडे बघितलं. नातू हवाई दलात जायची तयारी करतोय, तो डोळ्यांसमोर आला.

बरोबर चारला संग्रहालयाचा कारकून आला. चष्मा, बगलेत फायली, सोबत दोन हमाल. प्रत्येक वस्तू उचलायची आणि तक्त्यात लिहायची: वस्तू काय, कोणाची, कशासाठी वापरली. भराभर उरकत तो माझ्यापर्यंत आला आणि डब्याकडे बोट केलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी डबा त्याच्या हातात दिला.

त्याने वही लिहून घेतली. मग आरसा उलटापालटा करून बघितला आणि "साहेबांचा" म्हणत लिहायला लागला.

"थांबा," मी म्हटलं. "तो साहेबांचा नाही. माझा आहे. सात नंबरच्या विमानात मी विसरलो होतो, त्यामुळे ते पडलं. तसंच लिहा."

कारकुनाने पेन थांबवलं. आधी बाईसाहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू कुणीतरी त्याची थट्टा करतंय. म्हणाला, "मग तो साहेबांच्या घरात कसा?"

"त्यांनी सांभाळून ठेवला होता," मी म्हटलं. "अडतीस वर्षं."

 साहेबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. मला त्यांच्यासाठी रडू आलं ते त्या दुपारी, त्या अनोळखी कारकुनासमोर, आणि तो बिचारा पेन हातात धरून माझं होईपर्यंत थांबला.