माझी थरथर आणि बायडाबाईंचे दात

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. हसू नका हो मित्रांनो! नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. काचेच्या नळ्या पोटात घ्यायच्या आणि गरागरा फिरायचं. जड असेल ते तळाशी बसतं, निवळ वर राहतं. अहाहा, काय मजा यायची! १९९४ साली खोक्यातून उतरलो तो थेट नाशिकच्या एका दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत.

चार वर्षं नुसतं रक्त फिरवलं. मग हिरड्यांच्या आजाराचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर तृप्ती आल्या आणि म्हणाल्या, "आता लाळ फिरवायची." शी! लोकांची थुंकी? पण त्या शिपाई बारकूला समजावत होत्या ते मीही कान देऊन ऐकलं. हिरड्या सुजल्या की लाळेत एक द्रव्य वाढतं. फिरवून निवळलेल्या लाळेत औषध टाकलं की ती पिवळी होते. सूज जास्त तर रंग गडद, उपचार लागू पडला की फिका. म्हणजे थुंकी चक्क बोलते! माझा आनंद पोटात मावेना.

त्या वर्षी द्राक्षांच्या हंगामात पेठकडच्या बायडाबाई आल्या. पिंपळगावच्या बागेत द्राक्षं खुडायला त्या दरसाल यायच्या. वय चाळीसच, पण सहा दात हलत होते आणि भाकरीला रक्त लागायचं. त्यांच्या लाळेचा रंग आला हळदीसारखा. तृप्तीबाईंनी हिरड्यांखालची घाण खरवडून काढली. मोठे डॉक्टर मात्र म्हणाले, "महिन्याने पुन्हा तपासा. रंग उतरला नाही तर सहाही काढून टाका."

"दात गेलं तर नागलीची भाकर चावू कशानं?" बायडाबाई रडायलाच लागल्या. मला फार वाईट वाटलं.

महिना झाला. लाळ जरा मळकट दिसत होती, पण बारकूने नेहमीसारखी नजरेने पातळी जुळवून नळ्या बसवल्या नि बटण दाबलं. मित्रांनो, मी थरथरायलाच लागलो! एका बाजूला भार जास्त होता. खडखड, खडखड करत टेबलावरून सरकायला लागलो. "म्हातारं झालं हे!" म्हणत बारकूने मला धपाटा घातला. मी काय गप्प बसतो! आणखी जोरात हादरलो. शेवटी तृप्तीबाईंनी मला बंद करून झाकण उघडलं. बायडाबाईंच्या नळीच्या तळाशी काळा गाळ!

तृप्तीबाई तशाच बाहेर बाकावर बसलेल्या बायडाबाईंकडे धावल्या. "बाई, तंबाखू खाता का?"

"नाय वो! तंबाखूला म्या कधी हात नाय लावला."

"मग सकाळी काय खाल्लंत?"

"काय बी नाय. तुमीच म्हनला, दात घासून उपाशी ये. म्हनून आज दोनदा मिश्री लावली. लख्ख!"

तृप्तीबाईंनी कपाळावर हात मारला. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच की! पण बायडाबाईंच्या घरी आईपासून सगळ्या तिनेच दात घासायच्या. त्यात त्यांचा काय दोष? कशाने घासता, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. त्या मळकट लाळेचा रंग गडदच दिसला असता आणि सहा दात हकनाक गेले असते.

तृप्तीबाईंनी मिश्री बंद करायला सांगितली आणि आणखी एक महिना थांबायचं ठरवलं. मिश्री सोडताना बायडाबाईंचं डोकं ठणकायचं, हात डबीकडे जायचा. तरी सोडली. महिन्याने त्यांची नळी आली तेव्हा मी असा फिरलो, असा फिरलो, की टेबलाला पत्ता लागला नाही! औषध टाकलं. रंग आला ताकाच्या निवळीसारखा!

"राहू देत दात," मोठे डॉक्टर म्हणाले. बायडाबाईंनी कनवटीचे भाजलेले हरभरे काढून तिथेच फोडले, कुडुम कुडुम. बारकूने माझ्या झाकणावरून हात फिरवला. तो धपाटा मी तेव्हाच विसरलो.

पुढे नवं मशीन आलं आणि मी कपाटावर गेलो. अंगावर धूळ आहे, वायर तुटली आहे. पण रुग्णाच्या कागदावर आता पहिलाच प्रश्न असतो, 'दात कशाने घासता?' गेल्या आठवड्यात बायडाबाई नणंदेला, भागीबाईंना, घेऊन आल्या. दात सगळे जागेवर! माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाल्या, "ह्योच तो. माझ्यासाठी लय आरडला बघ." आणि नणंदेच्या कमरेची मिश्रीची डबी काढून त्यांनी तृप्तीबाईंच्या टेबलावर ठेवली.

मित्रांनो, हिरडीतून रक्त येवो की एखादं यंत्र थरथरो, धपाटा घालून त्याला गप्प करू नका. आधी झाकण उघडून बघा.