बिनठसक्याची मिरची

मिरचीला ठसका नसेल तर दोष मिरचीचा. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कुणाच्या डोक्यात शिरेना, आणि तिच्यापायी एका भल्या बाईचं आमच्या दारात येणं बंद झालं. माझा संताप अजून उतरलेला नाही.

आमचं घर लोह्यात, शेत गावाबाहेर. गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या पोटात अल्सर निघाला. डॉक्टरांनी तिखट बंद केलं. पण माणूस असा, की भाजीवर लाल तवंग दिसला नाही तर ताट सरकवून देणार. दुकानातल्या भुकटीवर माझा विश्वास नाही. त्यात मिरची किती नि रंग किती, ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

मग शेजारची राजकन्या मदतीला आली. तिचं माहेर धर्माबादकडचं. तिथून येताना तिनं पदराच्या गाठीत बी बांधून आणलं. "काकू, ही मिरची रंगाला लई, तिखटाला नुसती नावाची हाय," म्हणाली. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत आम्ही दोघींनी रोपं लावली. पानं मुरडली तेव्हा तिनंच आंबट ताक शिंपडलं. मी शेतात असले की पाणी तीच घालायची. मिरच्या लालभडक झाल्या, जुन्या लुगड्यावर वाळवल्या, देठं खुडून खलबत्त्यात कुटल्या. त्या तिखटाची वांग्याची भाजी ह्यांनी बोटं चाटून खाल्ली आणि पोटात आग पडली नाही. राजकन्येला मी पेरूच्या झाडाखाली बसवून जेवू घातलं.

पुढं आमची शिवांगी बाळंतपणाला आली. मुलगी झाली. राजकन्येला लग्नाला इतकी वर्षं होऊन पोर नाही. ती बाळाला बघायला आली, मांडीवर घेऊन बसली, म्हणाली, "किती गोड हाय गं, नुसतं बघत राहावं." बस्स, एवढंच बोलली.

संध्याकाळी बाळ रडायला लागलं. पोट फुगलं होतं, ओव्याचा शेक दिला की थांबणार होतं. पण माझ्या सासूबाई, केवळाबाई, तोवर गच्चीवर गेल्या. लुगड्यावर वाळत घातलेल्या दुसऱ्या तोडणीच्या मूठभर मिरच्या उचलल्या, मीठ-मोहरी घेतली, बाळावरून ओवाळली आणि परसातल्या चुलीत टाकली. आमच्याकडं मानतात, की मिरची जळून सगळ्यांना ठसका लागला तर नजर नव्हतीच. आणि मिरची जळूनही ठसका आला नाही, तर दृष्ट जबर. धूर झाला. कुणी खोकलं नाही.

"बघ पंचफुला, एकालाबी खोकला न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "लई जबर लागलीया." आणि शेजारच्या भिंतीकडं बघितलं.

"आत्या, ही मिरचीच बिनतिखट हाय."

"मिरची ती मिरची. तू त्या बाईची बाजू घेऊन राहिलीस."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. लुगड्यावरच्या मिरच्या हातासरशी, बाजारातली आणायला कोण जाणार? रोज धूर, रोज ठसका नाही, आणि रोज राजकन्येचा गुन्हा वाढत गेला. गल्लीत बोभाटा झाला. बाया तिला बघून लेकरं पदराआड घ्यायला लागल्या. ती आमच्याकडं यायची थांबली.

मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही रोज हीच मिरची खाता. जरा आईला सांगा."

"बायांच्या भानगडीत मला नको ओढू," म्हणाले, आणि लाल रश्श्यात भाकरी चुरली. त्या दिवशी मला ते ताट उचलून परसात फेकावंसं वाटलं. जिच्या बियाण्यानं तुमचं जेवण गोड झालं, तिच्यासाठी दोन शब्द निघत नाहीत तोंडातून.

बारशाचा दिवस आला. सासूबाईंनी सगळ्या गल्लीला बोलावणं धाडलं, एक घर सोडून. मी विचारलं तर म्हणाल्या, "ती आली तर मी उठून जाईन."

बाया जमल्या. पाळणा सजला. मी परसातून निखाऱ्याची पाटी आणली, गच्चीवरच्या मूठभर मिरच्या आणल्या आणि सासूबाईंसमोर उभी राहिले. त्यांना कळायच्या आत त्यांच्यावरून ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या. धूर छताला गेला. कुणी खोकलं नाही.

"आत्या, तुम्हालाबी नजर लागली. तीबी जबर. राजकन्या तर दारात आलीच न्हाई. मग कुणाची म्हणायची? माझी, की शिवांगीची? की ह्या बसल्यात त्यातल्या कुणाची?"

बाया एकमेकींकडं बघायच्या बंद झाल्या. एकीनं पाटीतली न जळालेली मिरची उचलून दाताखाली धरली, चावली आणि उरलेली शेजारणीच्या हातात दिली. सासूबाई म्हणाल्या, "सुनेनं सासूची दृष्ट काढायची रीत न्हाई." उत्तर एवढंच.

मी पाळण्यातून बाळ उचललं. शिवांगी म्हणाली, "आई, जा." मी तशीच शेजारी गेले.

राजकन्या स्वयंपाकघरात बसली होती. मला बघून उठली, बाळाला बघून मागं सरकली आणि पदरानं डोळे झाकून घेतले. पुसायला नाही, झाकायला.

"काकू, तिला आत नका आणू."

"अगं, तुलाच ठाऊक हाय ना, बी तुझं हाय. ही मिरची ठसकत न्हाई."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तरीबी मी घरी आपल्याच मिरच्या चुलीत टाकून बघितल्या. रोज. एकदा तरी ठसका यावा म्हणून तोंड चुलीवर धरून बसले. आला न्हाई. मग वाटलं, माझ्या डोळ्यांतच काहीतरी हाय."

सासूबाईंचा राग होता, ह्यांचा राग होता, गल्लीचा होता, पण हे ऐकून मला त्या रागाला जागा पुरेना. चांगल्या डोक्याच्या बाईला आम्ही इथवर आणून ठेवलं होतं.

मी तिचा पदर डोळ्यांवरून खाली ओढला आणि बाळ तिच्या हातात दिलं. घ्यावंच लागलं तिला, नाहीतर पडलं असतं.

"बघ हिच्याकडं," म्हटलं. "पोटभर बघ. नाव तुझ्या मांडीवर ठेवायचं हाय."

मग मी तिचं दार सताड उघडलं आणि पलीकडच्या बायांना हाक मारली, पाळणा इकडं आणा म्हणून.