जागेवरची सायकल आणि मखमलीतला शेजारी

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण रस्ता कसा असतो ते मला ठाऊक नाही. माझं एकच चाक, तेही जागच्या जागी फिरतं. त्याच्याभोवती कोरडा पट्टा आवळला की पाय मारणं जड जातं आणि माणसाला घाम फुटतो. तेच माझं काम.

सत्त्याऐंशी साली डॉक्टर पद्मजाबाईंनी मला आदिलाबादला त्यांच्या प्रयोगशाळेत आणलं. रोजच्या व्यायामानं स्नायूंतले लवकर थकणारे तंतू चिवट होतात का, हे त्यांना मोजायचं होतं. कापूस बाजारात दिवसभर बसून काम करणारे आठ जण तयार झाले. प्रत्येकाच्या मांडीतून जाड सुईनं तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. बारा आठवडे माझ्यावर पाय मारायचे, मग पुन्हा तुकडा काढायचा आणि तंतू ताडून बघायचे.

बघायचे कशात? तर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या त्या सूक्ष्मदर्शकात! घाम माझ्या अंगावर आणि मखमलीची टोपी त्याला. पाहुणे आले की थेट त्याच्याकडे. माझ्यावर ओले टॉवेल वाळत टाकायचे. मी नुसती जळायचे हो! शेवटी कुणीतरी बघावं म्हणून मुद्दाम कुरकुरू लागले.

बघितलं महिपतनं. तो त्या आठांतलाच, काट्यावर कापूस तोलणारा, मूळचा वांकिडी गावाकडचा. दर सोमवारी तो घरून एरंडेल आणून माझ्या पट्ट्याला चोळायचा. किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

बारा आठवडे संपले. तुकडे काढले, तंतू मोजले. फरक काहीच नाही. बाईंनी तीनदा मोजलं आणि म्हणाल्या, "हा सूक्ष्मदर्शकच बिघडलाय. हैदराबादला पाठवायला हवा." त्याला खोक्यात ठेवताना मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी जिरली!

बाई खचून माझ्यावरच बसल्या. इतक्या आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली होती. त्यांनी सहज पाय मारला आणि दचकल्या. चाक भिंगरीसारखं फिरलं. पट्ट्याला बोट लावलं, तर तेल.

"हे कुणी केलं?"

मलमपट्टी बदलायला आलेला महिपत दारात उभा होता. "म्या लावलं. काऊन बाई, काई चुकलं का? लय कुरकुर करे बिचारी. आमी बंडीच्या चाकाच्या आखाले लावतो, तसंच लावलं."

"अहो महिपत, ते जड जायलाच हवं होतं! आठही जण नुसते हवेत पाय मारत होतात."

महिपतचा चेहरा पडला. त्यानं मांडीवरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "मंग पुन्हा मारतो पाय. तुकडाबी पुन्हा काढा. बाकीच्यायले मी सांगतो."

बाईंनी पट्टा बदलला. पुन्हा बारा आठवडे झाले, पुन्हा सुई टोचली. खोक्यातून काढलेल्या त्याच सूक्ष्मदर्शकात चिवट तंतू वाढलेले दिसले. महिपतनं डोळा लावला आणि ओरडला, "अरे बापा, हे माह्यं मास हाय?" सगळे त्याच शेजाऱ्याभोवती जमले. तेव्हाही मी जळले, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, यंत्राला जीव जरूर लावा, पण त्याला काय हवं ते आधी विचारून घ्या. आणि दुसऱ्याचं कौतुक खुपलं तर माझ्यासारखं कुरकुरू नका. महिपतच्या मांडीवर दोनच व्रण पुरले असते. तिसरा माझ्यामुळे पडला.