अडकायची वाट

पाठ्यपुस्तकाच्या चौऱ्याण्णवाव्या पानावर संगणक पुन्हा अडकला. बाण जागच्या जागी, घड्याळ अकरा बेचाळीसवर, कळा दाबा नाहीतर बडवा, पठ्ठ्या ढिम्म हलायला तयार नाही. वेलांटीने कपाळाला हात लावला, बटण दाबून धरून तो बंद केला आणि गेलेली दोन पानं पुन्हा जुळवायला बसली.

वेलांटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरी बसून ती प्रकाशकांसाठी पुस्तकांची पानं जुळवायची, आणि ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दिसली तरी घासात खडा लागल्यासारखं तोंड करायची. छापखान्यातल्या लोकांनी हे नाव पाडलं आणि ते तिला चिकटलं.

संगणकाचं हे असं दीड महिना चाललं होतं. कधी दिवसातून तीनदा, कधी दोन दोन दिवस काहीच नाही. तिने नको ते सगळं पुसलं, व्हायरस शोधून पाहिले, शेवटी डबा उचलून दुकानात नेला. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतला.

"मॅडम, अखंड चालवला. एकदा म्हणून अडकला नाही. माझ्याकडे अगदी सुतासारखा सरळ."

घरी आणला, तर तिसऱ्या तासाला बाण पुन्हा थिजलेला. तिने चिडून फोन केला तेव्हा दुकानदार म्हणाला, "हा तयार डबा नाही. सुटे भाग आणून कुणीतरी हाताने जोडलाय. ज्याने जोडला त्यालाच विचारा ना!"

ज्याने जोडला तो पान्हा. तिचा नवरा, म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंतचा. पाणी शुद्ध करायच्या केंद्रात तो पंपांची देखभाल करायचा. खिशात कायम एखादा पान्हा असायचा, म्हणून मित्र त्याला तसंच हाक मारत. अकरा वर्षांपूर्वी याच घराच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरून त्याने हा संगणक जोडला होता, आणि ती शेजारी बसून त्याला एकेक स्क्रू देत होती. पुढे दोघांचं बिनसलं. भांडण असं कधी झालंच नाही, बोलणंच आटत गेलं. तो कामावरून यायचा, ती पानांत बुडालेली असायची. एक दिवस दोघांनी समजूतदारपणे सह्या केल्या आणि सगळ्यांनी त्यांच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं.

फोन करायला तिला दोन दिवस लागले.

"संगणक अडकतोय," ती एका दमात म्हणाली.

"कधी अडकतो?"

"त्याच्या मनाला येईल तेव्हा."

"शनिवारी येतो."

शनिवारी सकाळी तो आला आणि मीटर वाचायला आल्यासारखा दारातच उभा राहिला. चष्मा लागला होता, कानाशी केस पांढरे झाले होते. तिने चहात सवयीने दोन चमचे साखर घातली. पान्हा निमूट प्यायला, आणि कप धुवायला ठेवताना म्हणाला, "साखर सोडली मी. दोन वर्षं झाली." तिला उगाच कानकोंडं झालं. त्याचं आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे तिला त्या चहाने सांगितलं.

त्याने डबा उघडला, मूठभर धूळ काढली, पंखा पुसला, मेमरीची तपासणी लावली. तीन तासांनी तीही निर्दोष निघाली.

"आता?"

"आता बसायचं. लपाछपी खेळणारा बिघाड आहे हा. समोर आल्याशिवाय पकडता येणार नाही."

मग दोघं दोन खुर्च्यांवर बसले आणि संगणक अडकायची वाट पाहू लागले. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत तो घड्याळासारखा चालला. पान्हा निघून गेला. रविवारी सकाळी बाण थिजला तेव्हा वेलांटीला चक्क आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. तरी फोन उचलताना तिचा हात थांबला नाही.

दुसऱ्या शनिवारी तो हात धुवायला आत गेला आणि नेमका तेवढ्यात संगणक अडकला. "अरे ये, ये लवकर!" ती ओरडली. तो ओल्या हातांनी धावत आला, पण थिजलेल्या बाणापलीकडे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. "मला बघून लाजतो तो," पान्हा म्हणाला, आणि दोघं हसत सुटले. असं हसून किती वर्षं झाली याचा हिशेब वेलांटीने मनातही केला नाही. त्या दिवशी मग बोलणं निघालं. तिच्या आईचा गुडघा, त्याच्या भावाची जुळी, छापखान्यात कोण टिकलं, कोण सोडून गेलं. तो निघाला तेव्हा ती जिन्यापर्यंत गेली.

आठवडाभर ती शनिवारकडे डोळे लावून बसली. पानं जुळवता जुळवता मध्येच उठून ती त्याच्या खुर्चीकडे बघायची. खुर्ची तिने जागेवर परत ठेवलीच नव्हती.

तिसऱ्या शनिवारी दुपारी दोघं गप्प बसले होते. बोलणं संपलं होतं असं नाही, पण गप्प बसणंही बरं वाटत होतं. तेवढ्यात पान्ह्याने बोट वर केलं.

"हे काय वाजतंय?"

"कुठे काय?"

"पायाला जाणवतंय बघ."

तिने चप्पल काढून फरशीला तळवा टेकवला. धप, धप, धप. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं. आणि पडद्यावर बाण थिजला होता.

"शेजारचे मास्तर!" ती म्हणाली. "हृदयाचं दुखणं झालं ना त्यांना. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मुलीने दोनेक महिन्यांपूर्वी चालायचं यंत्र पाठवलंय. मर्जी होईल तेव्हा चालतात."

"आणि हे टेबल इथे भिंतीला कधी आणलंस? खिडकीपाशी होतं."

"तू गेल्यावर," ती म्हणाली. "खिडकीतून तुझा बसथांबा दिसायचा."

त्याने डबा उघडला. मेमरीची एक पट्टी खाचेत जेमतेम बसली होती. धक्का बसला की तिचा संपर्क सुटत होता. त्याने ती काढली, टोक खोडरबराने घासलं, पुसलं आणि टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवली. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. संगणक सुरू झाला. मास्तर पलीकडे अजून चालतच होते आणि बाण गुमान इकडून तिकडे फिरत होता.

"झालं," पान्हा म्हणाला, पण उठला नाही.

"हा बिघडला नसता तर फोन केला असतास?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तू?"

"मीही नाही. नंबर काढायचो, बघायचो, ठेवून द्यायचो."

वेलांटीने धीर गोळा केला. "पुढच्या शनिवारी ये ना. दुरुस्तीला नव्हे. असाच."

त्याने चष्मा काढून पुसला. "पुढच्या शनिवारी मी नसेन इथे. नव्या धरणावर बदली झालीय. मीच मागून घेतली, चार महिन्यांपूर्वी. या गावात ज्या रस्त्याला वळावं तिथे तू भेटशील असं वाटायचं, आणि भेटायची नाहीस."

"आधी सांगितलं का नाहीस?"

"संगणक अडकत होता ना," तो म्हणाला. "म्हटलं, आधी तो बरा होऊ दे."

ती त्याला सोडायला खाली गेली. बस अगदी वेळेवर आली.

पुस्तक तिने मुदतीत पूर्ण केलं. संगणक त्यानंतर एकदाही अडकला नाही, आणि शनिवार मात्र फार लांबत गेले. दुपारी ती कान देऊन ऐकायची. मास्तर चालत असायचे, बाण हलत असायचा.

दीड महिन्याने एका शनिवारी फोन वाजला. मागे पाण्याचा मोठा आवाज होता.

"काही बिघडलंय का?" तिने विचारलं.

"नाही गं. सगळं ठीक आहे," पान्हा म्हणाला. "असाच केला."

ती खुर्चीत बसली. तो नव्या घराविषयी, पंपांविषयी थोडं बोलला, ती नव्या पुस्तकाविषयी बोलली. मग दोघांपाशी सांगायला काही उरलं नाही. तरी फोन कुणीच ठेवला नाही.