दीड हाताचं दार

"नाना, इतलं मोठं दार कसाले? मझार बैलगाडी लई जानी शे का?"

शेजारच्या तोतारामभाऊंनी दोरीचं टोक पायाखाली दाबलं, आणि परसात जमलेले चौघेही हसले. नानाही हसले. मला राग आला तो त्यांच्या हसण्याचा.

न्हाणीचं दार रुंद हवं, हे मी सकाळीच वडिलांना दोनदा सांगितलं होतं. अर्धांगानंतर आईला एकटीला चालता येत नव्हतं. दोन्हीकडून दोघांनी धरावं लागे. "सांगतो त्यांना," नाना म्हणाले होते. पण तोतारामभाऊ उजाडल्यापासून पैसा न घेता खपत होते. त्यांच्यासमोर नानांच्या तोंडून निघालं, "तुम्ही म्हणाल तसं, भाऊ."

शिंदखेड्याच्या कचेरीत तीस वर्षं त्यांनी हेच सांगितलं होतं, फक्त भाऊंच्या जागी साहेब असत.

एक्काहत्तर सालचा मार्च होता. धुळ्याच्या शाळेतून मी आठ दिवसांची रजा काढून आले होते. आई परसात उभ्या केलेल्या बाजेला लुगडं बांधून त्याच्या आड अंघोळ करायची. तोतारामभाऊंच्या घरावरच्या मातीच्या धाब्यावरून सगळं दिसे, म्हणून पहाटेच्या अंधारात, घाईघाईनं. पाठीचा साबण तसाच राहायचा. "एकदा उजेडात, सावकाश अंघोळ करू दे मला," एवढंच ती म्हणाली होती. न्हाणी त्यासाठी होती.

माझ्या रजेतले तीन दिवस मुंग्यांनी खाल्ले. पाया खणताना वारूळ निघालं. पलीकडच्या सायरबाई धावत आल्या. "नानासाहेब, जीव आहेत ते! कुदळ ठेवा. मी त्यांना हलवते." त्यांनी खड्ड्यापासून निंबापर्यंत पीठसाखरेची रेघ ओढली. मुंग्या पीठ खायला जात आणि मुक्कामाला परत खड्ड्यात येत. नाना ओट्यावर बसून बघत राहिले. शेवटी पायाच हातभर सरकवला.

मग भिंती भराभर चढल्या. मोरी कुठे, कोनाडा कुठे, यावर रोज वाद होई. त्या वादात गल्लीतल्या सगळ्यांना मत होतं. आईला कोणी विचारलं नाही. दार दीड हाताचंच राहिलं.

"बठ्ठा गावना न्हाणीले इतलंच दार शे," तोतारामभाऊ मला म्हणाले. "तू मास्तरीण, पोरी. गवंडी नही."

सातव्या दिवशी दुपारी नारळ फुटला. मी पाणी तापवलं. नाना आणि मी आईला दोन्हीकडून धरून आणलं आणि दारात अडकलो. मी मागे सरले, तर तिची डावी बाजू खचली. नाना मागे सरले, तर ती भिंतीवर कलली.

"अक्का, जराश्या आड्या व्हा," तोतारामभाऊ म्हणाले.

आईनं तसंही करून पाहिलं. पाय उचलेना. उजव्या हातानं तिनं चौकट धरून ठेवली होती आणि सगळं परस ते बघत होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "उद्या पहाटे बाजेमागे करीन."

नानांनी तिला तिथल्याच विटांच्या ढिगावर बसवलं आणि पहार उचलली. पहिला घाव चौकटीच्या वर बसला.

"नाना! डोकं फिरनं का?"

त्यांनी दुसरा घाव घातला. मातीत बसवलेल्या विटा सुटून पडू लागल्या. चौकट तिरकी होऊन खाली आली, तिच्याबरोबर अर्धी भिंतही.

"आम्हनी मेहनत मातीमा टाकी दिन्ही तुम्ही!" तोतारामभाऊ ओरडले आणि बाकीच्यांना घेऊन निघून गेले. पुढे वर्षभर ते आमच्याशी बोलले नाहीत.

नाना गेले त्याला आता दोन महिने झाले. भेटायला येणारे सांगतात, भला माणूस, कुणाला दुखावलं नाही. मी मान हलवते.

त्या दिवशी आम्ही आईला विटांवरून आत नेलं. मी तिच्या पाठीला साबण लावून बाहेर आले. आता न्हाणीला पुढून आडोसा उरला नव्हता, आणि एवढं भगदाड बाजेनं झाकलं नसतं. नानांनी घरातून घोंगडी आणली, भगदाडाकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून ती पाठीमागे ताणून धरली. वर ऊन तापलं होतं. तोतारामभाऊंच्या धाब्यावर माणसं येऊन उभी राहिली. नाना त्यांच्याकडे बघत राहिले.

हात खाली आले की आतला पाण्याचा आवाज थांबे. मग ते हात पुन्हा वर करत.